तुळाजीचं खाकरणं

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. ज्या राजाच्या राज्यात ती घडली, त्याचं नाव त्याच्या प्रजेलाही धड आठवत नव्हतं, एवढी जुनी. लहानांनी जवळ येऊन बसावं. मोठ्यांनी आणखी जवळ बसावं, कारण खरं सांगायचं तर ही गोष्ट त्यांचीच आहे.

नदीकाठी एक गाव होतं आणि त्या गावात एक रीत होती. घरातला कर्ता पुरुष बाहेरून आला की उंबऱ्याशी थांबायचा, एकदा खाकरायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. का, तर आत बायाबापड्या असतात. कुणी न्हाऊन केस पुसत असेल, कुणी लेकराला पाजत असेल, कुणी दमून पाय पसरले असतील. तिला पदर सावरायला जरा सवड मिळावी. बस्स, एवढंच. खाकरणं म्हणजे 'मी आलोय बरं का'. त्यात गोड काही नाही आणि कडूही काही नाही.

या गावात तुळाजी नावाचा कुंभार राहायचा. तुळाजीचा बाप याच उंबऱ्यावर खाकरायचा, आणि ते कानावर पडलं रे पडलं की तुळाजी आणि त्याची भावंडं हातातलं टाकून दाराकडे धावायची. कारण म्हातारा येताना धोतराच्या सोग्यात बोरं बांधून आणायचा. बोरं दिसायच्या आधीच, नुसत्या खाकरण्यानं पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं.

पुढे बाप गेला आणि तुळाजी कर्ता झाला. उंबरा तोच, रीत तीच, घसासुद्धा थेट बापाचाच. पण नेमके त्याच वर्षी त्याचे तीन आवे लागोपाठ बिघडले. आवा म्हणजे कुंभाराची मडकी भाजायची भट्टी. उघडून बघावं तर निम्मी मडकी तडकलेली. दिवसभर राख आणि खापरं उपसून तुळाजी घरी यायचा तो नाकावर राग घेऊनच. उंबऱ्यावर खाकरायचा आणि आत पाऊल टाकलं की सुरू. भाकरी का करपली? पाणी का सांडलं? पोरगं का रडतंय? बायकोची, सगुणाची, अशी खरडपट्टी काढायचा की शेजारपाजारचे आपली दारं लोटून घ्यायचे. हात मात्र त्यानं कधी उचलला नाही, आणि या गोष्टीचा त्याला कोण अभिमान!

पुढच्या वर्षी आवे सुधारले. राग ओसरला. पण तुळाजी खाकरला की घर चिडीचूप व्हायचं, ते तसंच राहिलं. सगुणा हातातलं काम टाकून उभी राहायची. पोरगं भिंतीला चिकटायचं. ओरडायची गरजच उरली नाही. तुळाजीला हे फार आवडलं. का नाही आवडणार? धाक आणि मान यांतला फरक कळायला माणसाला वेळ लागतो, आणि धाक आपलाच असला की जरा जास्तच लागतो.

संध्याकाळी चावडीवर बसला की तो मांडीवर थाप मारून सांगायचा, "आपल्या घरात आवाज चढवावा लागत नाही गड्यांनो. एकदा खाकरलो की पुरे."

"युक्ती काय रे तुळाजी?" लोक विचारायचे.

"सोपं आहे. आधी महिनाभर खाकरायचं आणि लगेच झाडायचं. पुन्हा खाकरायचं, पुन्हा झाडायचं. मग झाडणं सोडून द्यायचं, नुसतं खाकरायचं. बाकीचं काम ते खाकरणंच करतं."

चावडीवरच्या गड्यांनी माना डोलावल्या. तुळाजी हरभऱ्याच्या झाडावर चढला तो खाली उतरायचं नावच घेईना. हळूहळू घराघरांतून त्याची युक्ती सुरू झाली.

वर्षं गेली. पोरगं मोठं झालं, त्याचं लग्न झालं. गाढवांवर मडकी लादून तो दूरदूरच्या बाजारांना जायचा आणि महिन्यातले चार दिवस काय तो घरी असायचा. घरात सून आली, काशी तिचं नाव. काशीला मुलगी झाली, ठमी. ठमी पाच वर्षांची झाली आणि तुळाजीचा जीव की प्राण झाली. तिच्यासाठी तो बोटाएवढी गाडगी घडवायचा, सुपारीएवढी बोळकी घडवायचा. पण ठमी त्याच्यासमोर कधी खेळली नाही. दिलेलं बोळकं हातात धरून ती मान खाली घालून उभी राहायची. तुळाजी कौतुकानं म्हणायचा, "गुणाची आहे हो पोर." पोर मात्र अंगी लागत नव्हती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली होती.

एकदा वळचणीतलं साळुंकीचं पिल्लू खाली पडलं. त्याचा एक पंख दुखावला होता. ठमीनं त्याला परसात, एका फुटक्या मडक्यात ठेवलं. साळुंकी मोठी झाली आणि ऐकेल ते आवाज काढायला लागली. गाढवाचं ओरडणं, जात्याची घरघर, काशीच्या बांगड्या. आणि आणखी एक आवाज ती शिकली, तो कोणता ते तुम्ही ओळखलंच असेल.

फाल्गुनातली दुपार होती. माती वाहायची दोरी तुटली म्हणून तुळाजी नदीवरून मधल्या वाटेनं, परसाच्या बाजूनं घरी आला. पुढच्या दाराला जायचा कंटाळा. परसात मडक्यांची उतरंड रचलेली होती. तिच्यामागे तो पोचला आणि थबकला. घरातून हसू ऐकू येत होतं.

मागचं दार उघडं होतं. आत सगुणा चक्क पाय पसरून बसली होती. मांडीवर भाकरी, भाकरीवर लाल चटणी, आणि ती खाता खाता गावातल्या कुणाच्या तरी चालण्याची नक्कल करत होती. काशी पोट धरून हसत होती. ठमी दोघींच्या मधे गिरक्या घेत ओरडत होती, "आजी, आणखी! आजी, पुन्हा!"

तुळाजी बघतच राहिला. पंचवीस वर्षांचा संसार, आणि आपल्या बायकोला नकला येतात हे त्याला आज कळत होतं. त्याच्याही ओठांवर हसू आलं. आता आपणही जावं आणि म्हणावं, आम्हालाही दाखवा की! त्यानं पाऊल उचललं.

तेवढ्यात मडक्याच्या काठावर बसलेली साळुंकी खाकरली.

हुबेहूब तुळाजी. तोच घसा, तीच ठसक.

आतलं हसू जागच्या जागी मेलं. सगुणानं हातातली भाकरी झटकन टोपलीखाली सारली आणि तोंडातला घास न चावताच गिळला. काशी उठता उठता धडपडली. ठमी धान्याच्या कणगीच्या मागे पळाली आणि हुंदका बाहेर येऊ नये म्हणून तिनं स्वतःची मूठ तोंडात कोंबली. सगुणा पुढच्या दाराकडे तोंड करून, मान खाली घालून उभी राहिली. दारात कुणीच नव्हतं. तरी ती उभी होती. तुळाजी मागून तिची पाठ बघत होता, आणि ती पाठ थरथरत होती.

काशी पुढच्या दारातून डोकावून आली आणि हळूच म्हणाली, "सासूबाई, ती साळुंकी होती."

कुणी हसलं नाही. ठमी कणगीमागून बाहेर आली तेव्हा तिचा परकर ओला झाला होता. सगुणानं तिला कुशीत घेतलं. "उगी माझी बाय. नव्हते ते. आजोबा नव्हते."

अहो, भूत नव्हतं म्हणून लेकरांची समजूत घालतात, तशी ती आजोबा नव्हते म्हणून समजूत घालत होती! तुळाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काशीचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "सासूबाई, श्रावणात पंचमीला माझा भाऊ न्यायला येईल. ठमीला घेऊन जाईन ती तिकडेच ठेवीन. मी येईन परत, ठमीला आणणार नाही. रागावू नका."

"रागावू कशी?" सगुणा म्हणाली. "माझं पोरगं न्यायला कुणी नव्हतं."

तुळाजी आला तसाच मागे फिरला. नदीकाठी मातीच्या खड्ड्यापाशी जाऊन बसला. टिचकी मारून मडक्यातला केसाएवढा तडा ओळखणारा माणूस तो. रोज ज्या घरात जेवतो त्या घराचा आवाज त्याला पंचवीस वर्षं ऐकू आला नव्हता. आपण साऱ्या गावाला ती युक्ती मांडीवर थाप मारून शिकवली, हे आठवलं आणि त्याचे कान तापले.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं खाकरणं सोडलं. कानाला खडा लावला. पावलांचा आवाज न करता आत यायचा आणि कोपऱ्यात बसायचा. त्याला वाटलं, आता भीती जाईल. कसली जाते! आधी निदान दिवसातून दोनदाच दचकायचं होतं, आता दिवसभर दचकणं सुरू झालं. ठमी वाऱ्यानं दार हललं तरी उडायची. शेवटी सगुणाच म्हणाली, "अहो, खाकरून येत जा. कळतं तरी."

मग त्यानं बत्तासे आणले. उंबऱ्यावर खाकरायचं आणि ठमीच्या हातावर बत्तासा ठेवायचा. आपला बाप नाही का बोरं आणायचा! ठमी बत्तासा घ्यायची, 'खा' म्हटलं की मान हलवायची आणि निघून जायची. आठवड्यानं कणगीमागून मुंग्यांची रांग निघाली. बघितलं तर सगळे बत्तासे तिथे. एकही उष्टा नव्हता.

त्या दिवशी तुळाजीनं बायकोसमोर तोंड उघडलं. "सगुणा, त्या दुपारी साळुंकी खाकरली ना, तेव्हा मी परसात उभा होतो."

सगुणानं वर बघितलं. "सगळं बघितलंत?"

"सगळं."

तिनं लाजून पदर ओढून घेतला. "भूक लागली होती हो. नेहमी नाही खात मी अशी अवेळी."

लाज कुणी वाटून घ्यायची आणि वाटत कुणाला होती! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तुळाजीला झालं.

"चुकलो गं मी," तो म्हणाला.

सगुणानं मुंग्या लागलेले बत्तासे सुपात गोळा केले. मग म्हणाली, "'चुकलं' हे मी पंचवीस वर्षं म्हणत आलेय. त्यानं काय झालं?"



"मग मी करू काय?" त्यानं विचारलं. "ठमी गेली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघून जगू?"

"तुम्ही खाकरलात की पुढे काय होतं, ते या घरानं वर्षानुवर्षं बघितलंय," सगुणा म्हणाली. "आता तुम्ही खाकरलात की पुढे काहीच होत नाही, हेही तेवढंच बघू द्या. बत्तासे नकोत आणि लपणंही नको. खाकरा आणि स्वस्थ बसा. रोज. आणि आम्ही दचकलो तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या वाटण्याची उस्तवारी करायला आम्हाला आता त्राण नाही."

मग तुळाजी रोज उंबऱ्यावर यायचा, खाकरायचा आणि तिथेच बसायचा. मातीचा गोळा हातात घेऊन काहीतरी घडवत राहायचा. आत भांडं पडलं तरी वर बघायचा नाही. दूध उतू गेलं तरी बोलायचा नाही. रोज त्याच्या खाकरण्यासरशी आतलं बोलणं तुटायचं, ते त्याला ऐकावं लागायचं. तेच त्याचं प्रायश्चित्त होतं असं म्हणा. चैत्र गेला. बोलणं तुटायचं, पण आता थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायचं. ठमी कणगीमागून अर्धं तोंड बाहेर काढायला लागली.

आणि वैशाखात वळवाचा पाऊस आला. अचानक, धो धो. वाळत ठेवलेली शंभर मडकी चिखल झाली. तुळाजी भिजून, चडफडत घरी आला. उंबऱ्यावर खाकरला. आत ओलं धुणं वाटेत पडलं होतं, त्यावर त्याचा पाय घसरला आणि जुना तुळाजी बाहेर पडला. "मेलात काय सगळ्या? दिसत नाही डोळ्यांनी?"

झालं! पहिले पाढे पंचावन्न. ठमी कणगीमागे गेली ती रात्रीच्या जेवणालाही बाहेर आली नाही. काशीनं पंचमीला किती दिवस उरले ते बोटांवर मोजले आणि ते तुळाजीनं बघितलं. दोन महिन्यांची मेहनत एका वाक्यात गेली होती. तरी दुसऱ्या दिवशी तो खाकरला आणि खाली मान घालून उंबऱ्यावर बसला. पुन्हा पहिल्यापासून.

इकडे साळुंकीचा पंख बरा झाला आणि ती उडाली. उडून गेली कुठे, तर भर गल्लीतल्या चिंचेवर.

एका दुपारी तुळाजी त्या गल्लीतून चालला होता. घराघरांतून जात्यांची घरघर येत होती, बायका ओव्या म्हणत होत्या, पोरं भांडत होती. चिंचेवरून साळुंकी खाकरली. आणि तुळाजीच्या डोळ्यांदेखत अख्खी गल्ली मुकी झाली. एकेक जातं थांबलं. एका घरात ताट पडल्याचा आवाज आला. एका दारातली सहा-सात वर्षांची पोरगी खेळता खेळता ताडकन उभी राहिली आणि तुळाजीला बघून तिनं कान हातांनी झाकले. ती तुळाजीची कुणीच नव्हती. तिच्या घरात त्यानं पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो चावडीवर गेला. तिथे एक तरणा गडी रंगात येऊन सांगत होता, "तुळाजीकाका, तुमची युक्ती रामबाण बरं का! काल मी खाकरलो तर आमच्या पोरानं हातातलं दूधच सांडलं." सगळे खो खो हसले.

तुळाजी उभा राहिला. "गड्यांनो, ती युक्ती नव्हती," तो म्हणाला. "ते पाप होतं. मी खाकरलो की माझी नात परकर ओला करते. माझी बायको माझ्यापासून भाकरी लपवते. मी त्याला मान म्हणत होतो आणि तुम्हालाही तेच शिकवलं. आज दुपारी चिंचेवर पाखरू खाकरलं तर तुमच्या घरचं जातंसुद्धा थांबलं. घरी जा आणि कानांनी ऐका."

कुणीतरी फिसकन हसलं. "म्हातारा चळला." दुसरा म्हणाला, "घरातल्या बायकांनी मुठीत घेतला वाटतं!" तुळाजीच्या बाजूला बसलेले दोघे सरकून लांब बसले. वर्षानुवर्षं कमावलेली पत एका संध्याकाळी गेली. चौघे मात्र त्या दिवशी लवकर उठून घरी गेले. बाकीच्यांनी विषय बदलला.

तुळाजी रोजच्यासारखा घरी आला. खाकरला, उंबऱ्यावर बसला. चावडीवर काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. रोज खाकरणं आणि पुढे काहीच नाही.

श्रावण आला. पंचमीला काशीचा भाऊ बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. ठमीच्या कपड्यांचं गाठोडं काशीनं बांधूनच ठेवलं होतं. तुळाजी परसात मातीत हात घालून बसला होता. आत यायचा त्याला धीर होत नव्हता.

भाऊ त्याच मुलखातला. उंबऱ्याशी थांबला आणि रीतीप्रमाणे खाकरला.

ठमी चुलीपाशी बसून दूधभात खात होती. काशी ठमीकडे वळली. सगुणा उठून उभी राहिली. ठमीनं मात्र घास तोंडात घातला, दाराकडे बघितलं आणि मामाला सांगितलं, "ये की आत! आमच्याकडे नुसतं खाकरतात. मग काही होत नाही."

परसात तुळाजीनं ते ऐकलं. मातीनं भरलेले हात तोंडावर घेऊन तो लहान पोरासारखा रडला. ज्या खाकरण्याला घर थरथरायचं, त्याला आज पाच वर्षांच्या पोरीनं काडीची किंमत दिली नव्हती, आणि त्याला वाटलं, आपल्याला जन्मात याहून मोठा मान मिळाला नाही.

काशी ठमीला घेऊन माहेरी गेली. आठव्या दिवशी दोघी परत आल्या. गाठोडं पुन्हा कधी बांधलं गेलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण सगुणाचं सांगायचं राहिलं. पुढे ती दोघं पुष्कळ जगली. तुळाजीनं पुन्हा कधी आवाज चढवला नाही. पण तो उंबऱ्यावर खाकरला की सगुणा जेवत असली तरी ताटावरून उठून उभी राहायची. तो हात जोडून म्हणायचा, "अगं, बस गं. बस ना." ती बसायची आणि ओशाळून म्हणायची, "मनात काही नाही हो. पायच उठतात." दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायची. शेवटपर्यंत उठली. आणि शेवटपर्यंत तुळाजीनं तिच्यासमोर मान वर केली नाही.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि मोठ्यांनो: आवाजात धाक नसतो, तो आपण भरतो, आणि भरलेला धाक उपसायला कधी कधी सारा जन्मही पुरत नाही.